ऐन ओवीच्या वेळी गप्प बसलेला रेडिओ

यंत्र सुरू होईना झालं की माणसं पहिल्यांदा त्याच्या पोटात बघतात. मी पहिल्यांदा भिंतीकडे बघते. आमच्या नातीचा कॉम्प्युटर हल्ली असाच अधूनमधून रुसतो. बटण दाबलं तरी दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. ती लगेच कुणाला तरी फोन लावते, आणि मी वाकून टेबलाखालची वायर हाताने चाचपत भिंतीपर्यंत जाते. "आजी, तुला त्यातलं काय कळतंय?" असं ती म्हणते. आतलं मला काही कळत नाही, खरंच आहे. पण बाहेरचं कळतं, आणि निम्मी दुखणी बाहेरचीच असतात. हे मी शाळेत शिकले नाही. शाळा माझी चौथीतच सुटली. हे मी शिकले सासरी, शिराळ्याकडच्या आमच्या गावात, एका दुपारी. आणि ती दुपार सांगायची तर आधी आमच्या आत्याबाई सांगायला हव्यात.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेले, मालक फौजेत. त्यामुळे घरात आत्याबाई, मी, आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाट टाकून असलेले थोरले मामंजी. हे सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आत्याबाईंचे थोरले दीर. आता थोरल्या दिरापुढं बाईने तोंड उघडायचं नाही ही आमच्या भागातली त्या वेळची रीत. पदर ढळू द्यायचा नाही, समोर यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. मामंजीसुद्धा आत पाऊल टाकायच्या आधी मोठ्यांदा खोकायचे, म्हणजे आतल्या बाईने बाजूला व्हावं. एका चुलीवरचं खाऊन त्या दोघांनी जन्मात एकमेकांशी एक शब्द बोललेला नव्हता. मग घर कसं चालायचं? मी होते ना! माझ्या आधी माझे मालक लहानपणी हेच काम करायचे. आणि कुणीच नसलं तर सोप्याचा खांब होता. आत्याबाई खांबाला सांगायच्या, "बैलास्नी पेंड घालायची राहिली वाटतं," आणि मामंजी उठून पेंड घालायचे. खांबाने कधी तक्रार केली नाही. मी मात्र इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरून दमून जायची.

रेडिओ मालकांनी रजेवर येताना आणला. छावणीतल्या कुणा साहेबाची बदली झाली, त्याने विकायला काढलेला. चांगली पेटीएवढी लाकडी वस्तू. पुढं सोनेरी कापड, त्याच्या खाली काचेची पट्टी. सेलवर चालणारा नव्हे, भिंतीतल्या करंटावर चालायचा. आणि बटण फिरवलं की लगेच बोलेल असंही नाही. आधी काचेच्या पट्टीमागचा दिवा लागायचा, मग आतले वॉल्व्ह तापायचे, आणि मग कुणीतरी झोपेतून उठून बोलावं तसा आवाज हळूहळू वर यायचा. आत्याबाईंना ते फार पटायचं. म्हणायच्या, "शहाणं हाय. बोलायच्या आधी इचार करतंय."

बहात्तरचा दुष्काळ सरून रान पुन्हा हिरवं झालं होतं, त्या सुमाराला सांगलीहून रेडिओची माणसं जीप घेऊन गावात आली. जात्यावरच्या ओव्या गोळा करत फिरत होती. गावात गिरणी झाली होती, पण आमच्या आत्याबाईंना गिरणीचं पीठ करपट लागायचं. पहाटे उठून दळायच्या आणि दळताना गायच्या. गावाने ती माणसं सरळ आमच्या दारात आणून सोडली. मामंजी तेव्हा रानात होते. आत्याबाई जात्याशी बसल्या, समोर ते आवाज धरणारं मशीन.

"मावशी, जातं जरा हळू फिरवा, घरघर फार येते," मशीनवाला म्हणाला.

"हळू फिरवलं तर ओवी येत न्हाई."

"मग दाणे न घालता फिरवा."

आत्याबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा मागं सरला. "रिकामं जातं फिरवत न्हाईत बाबा. घर खातंय ते."

मग जोंधळे आले. एक ओवी झाली की कोंबडा आरवायचा, पुन्हा पहिल्यापासून. कुणी शिंकायचं, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी आत्याबाई जात्यात मूठ सोडायच्या. ती माणसं उठली तेव्हा घरात इतकं पीठ झालं होतं की मी शेजारीपाजारी वाटून आले.

पण त्या दिवशी आत्याबाईंचा गळा लागला होता. आईवर झाली, भावावर झाली, लेकावर झाली, आणि त्या भरात त्यांनी थोरल्या दिरावरची घरची ओवीही म्हणून टाकली:

थोरला माझा दीर, सोप्यात त्याची खाट,
त्याच्या खोकल्यानं कळं, मला उगवली पहाट.

जीपमधल्या बाई हसून हसून लाल झाल्या. म्हणाल्या, "मावशी, ही तर आम्ही नक्की लावणार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बायकांच्या कार्यक्रमात."

जीप धूळ उडवत गेली आणि आत्याबाईंनी माझा दंड धरला. "अगं, ती ओवी त्यास्नी ऐकू जाईल की!"

"मग जाऊ द्या की. वाईट काय हाय तिच्यात?"

"त्यांच्या खोकल्यावर मी गाणं केलं म्हन्त्याल! या वयात काय तोंड दावू मी?"

एरवी तोंड तरी कुठं दाखवत होत्या, पण ते मी बोलले नाही. कारण दुसऱ्या बाजूने त्यांना तो कार्यक्रम ऐकायचाही होता. लय ऐकायचा होता. रात्रंदिवस त्यांच्या मनात तेच. म्हणायच्या, "जलमभर गायले, पर मी कवा मला ऐकलं न्हाई. लांबनं माझा आवाज कसा येतो, ते एकदा ऐकायचं हाय." आणि तेव्हा एकदा म्हणजे एकदाच. हुकलं की हुकलं, पुन्हा लावून बघायची सोय नव्हती.

गावात आणखी दोन ट्रान्झिस्टर होते. एक स्टँडवरच्या हॉटेलात, तिथं बायका बसायच्या नाहीत. दुसरा वरच्या आळीतल्या एका गड्याकडं, तो उसाला पाणी पाजायला जाताना गळ्यात अडकवून न्यायचा. म्हणजे राहिला आमचाच. आत्याबाईंनी बेत केला. दुपारी मामंजी रानात असतात. ते गेले की दार लोटून घ्यायचं, शेजारणी बोलवायच्या आणि ऐकायचं. रेडिओ ऐन वेळी दमू नये म्हणून दसऱ्याच्या आधीपासून त्याला हातही लावू दिला नाही. "पडू दे त्याला जरा. पैलवान कुस्तीच्या आदल्या दिशी लाकडं फोडतोय व्हय?"

तो दिवस उजाडला. भाकऱ्या लवकर झाल्या. शेजारच्या काकू दोघीतिघींना घेऊन आल्या. बायका माजघरात दाटीवाटीने बसल्या, आत्याबाई दाराच्या आड, आणि रेडिओ सोप्यात, कारण पिन लावायची जागा सोप्याच्याच भिंतीत होती. सगळं बेतासारखं होतं. फक्त मामंजी रानात गेलेले नव्हते. ते धुतलेला पटका बांधून खाटेवर बसले होते.

आत्याबाईंनी मला खुणावलं. मी विचारलं, "मामंजी, आज पाण्याची पाळी न्हाई व्हय आपली?"

"पाळी दिली दुसऱ्याला. धाकटीचं गाणं लागायचं असताना मी रानात जाऊ? लोक शेण घालतील तोंडात."

दाराआडून मोठा सुस्कारा आला. मी पिन भिंतीत लावली, भिंतीवरचं बटण दाबलं, रेडिओचं बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही.

"झालं!" काकू आतून म्हणाल्या. "रेडिओबी दिरापुढं बोलंना."

मामंजी उठले. ते स्वतः फौजेत वायरलेसच्या गाडीवर होते, हे गावात सगळ्यांना पाठ होतं. गाडीवर म्हणजे गाडी चालवायला, हे मला मालकांनी सांगितलं होतं, पण ते एक असो. बाह्या मागे सारून ते म्हणाले, "सरा मागं. करंट गेलाय."

मी सोप्यातला बल्ब लावून दाखवला. चांगला लागला.

"मग फ्यूज."

"फ्यूज गेला असता तर बल्ब लागला नसता की मामंजी."

"तुला काय ठावं? एकाचा जातो, दुसऱ्याचा ऱ्हातो." खुर्चीवर चढून त्यांनी फ्यूज उपसला. बल्ब विझला. पुन्हा बसवला. बल्ब लागला. रेडिओ आपला ढिम्म.

आत्याबाईंची घालमेल मला दाराच्या फटीतून दिसत होती. रेडिओ सुरू व्हायला तर हवा, आणि तो सुरू करणारा माणूस तर घरात नको. त्या कुजबुजल्या, "त्यास्नी म्हणावं, आधी जेवून घ्या. भाकरी थंड व्हतीया. तू बग तवर."

मी सांगितलं. मामंजी पेचकस शोधत म्हणाले, "सासूला सांग, तिचं गाणं लागल्याबिगर घास उतरायचा न्हाई."

हे ऐकून आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. माणूस इतका चांगला वागायला लागला की त्याला घालवायचं तरी कसं?

मामंजींनी रेडिओ उलटा फिरवला आणि मागची पाठ खोलली. आत बारक्या बाटल्यांसारखे वॉल्व्ह, त्यांच्यावर धूळ, आणि एका कोपऱ्यात पालीची अंडी. बायका माना वाकड्या करून बघायला लागल्या. मामंजींनी धुळीवर फुंकर मारली, ती सगळी त्यांच्याच नाकात गेली. मग खोकला असा उसळला की आत एका म्हातारीने सवयीने पदर पुढं ओढला.

"ह्यो वॉल्व्ह गेलाय," मामंजी डोळे पुसत म्हणाले. "सांगलीला न्यायला पायजे."

"सांगलीला!" काकू किंचाळल्या. "आवं, दुपारची एस्टी आत्ताच गेली. आनि तिकडनं गाणं इकडं यायला निघालं असंल की!"

सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. मी आत्याबाईंकडं बघितलं तर त्यांनी डोळ्याला पदर लावलेला. मामंजींनी ऐकू नये म्हणून इतकी धडपड केलेली बाई. आता मामंजींनी ऐकू नये हे राहिलं बाजूला, आपल्यालाच ऐकायला मिळत नाही म्हणून रडत होती. मला काही ते बघवेना.

आता माझं बघा, मी वाईकडची. माहेरी पाटाच्या पाण्याची शेती. लहानपणी दारं धरायचं काम आम्हा पोरींकडं असायचं. म्हणजे पाटातलं पाणी एका वाफ्यात भरलं की त्याचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. तिथं वडिलांनी एक सांगून ठेवलं होतं. वाफा कोरडा राहिला तर वाफ्यात उभं राहून खणत बसायचं नाही. पाटाच्या कडेने उलटं चालत जायचं, आणि पाणी कुठवर आलंय ते बघायचं. कुठं उंदराचं बीळ असतं, कुठं पाला अडकलेला असतो. वाफ्याची काही चूक नसते.

मी रेडिओकडं बघितलं. पट्टीमागचा दिवासुद्धा लागला नव्हता. वॉल्व्ह तापायला वेळ लागतो, कबूल. पण तो दिवा तर लगेच लागायचा. म्हणजे वाफ्याच्या तोंडाशीच पाणी नाही! आणि बल्ब लागतोय, म्हणजे विहिरीला पाणी आहे. राहिला मधला पाट.

"मामंजी, मी जरा वायर बघू?"

"वायरीत काय असतंय? वायर म्हंजी वायर." पण ते दमले होते, खाटेवर टेकले.

मी बटण बंद केलं. रेडिओपासून वायर बोटांत धरून चाचपत निघाले. कुठं तुटली नव्हती, कुठं उंदराने कुरतडली नव्हती. भिंतीपर्यंत आले आणि पिन ओढून काढली. बघते तर पिनेचे दोन्ही पितळी खुंट लालपिवळे. हळदकुंकवाचा हा जाड थर, वर गंध, सुकून खडखडीत झालेलं. आणि भिंतीतल्या भोकात डोकावले तर आत कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

"हे काय गं?" मामंजी जवळ आले. "कुंकू?"

सगळ्यांच्या माना हळूच दाराकडं वळल्या.

"मग?" दाराआडून आत्याबाईंचा आवाज आला. बोलत मात्र त्या काकूंशी होत्या. "परवा खंडेनवमी न्हवती व्हय? इळ्याला लावलं, कुऱ्हाडीला लावलं, पाभरीला लावलं. रेडिओनं काय घोडं मारलंय?"

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारा-अवजारांची पूजा होते, ते तर खरंच.

"अगं पर लावायचं तर पेटीला लावायचं," काकू म्हणाल्या. "पिनला कशाला?"

"पेटीलाबी लावलं की! पर ते खातंय कुठनं? तिथनंच न्हवं? मग तोंडाला नगं लावायला? आनि देवापुढं पालथी पडलेली ती पिन, पितळेची, दोन पायांची, मला बरी दिसली. अक्षताबी टाकल्या."

मामंजींनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि ते खाटेवर बसून असे हसले की खाट कुरकुरायला लागली. आतल्या बायकांनाही सुटलं. पण मला हसायला सवड नव्हती. मी मोठा खटका ओढून घरभरचा करंट बंद केला, अंबाड्यातला आकडा काढला आणि भोकातली अक्षत उकरून काढली. पिन घेऊन मोरीकडं पळाले. पितळ आहे ना? मग पितळेला जे लागतं ते लावलं: चिंच आणि राख. फक्त दोन खुंटांना, बाकी कुठं पाणी लागू न देता. तांब्या घासतात तशी घासली, धुतली, पदराने पुसली, आणि ओलसर राहू नये म्हणून अंगणातल्या उन्हात धरून उभी राहिले. आतून काकू ओरडत होत्या, "अगं ये की लवकर, वाळवण घातलंयस व्हय?"

आले, पिन लावली. या खेपेला ती भिंतीत अशी गच्च बसली की मला तेव्हाच कळलं. खटका वर केला, बटण फिरवलं. पट्टीमागचा दिवा लागला!

बायकांनी एकदम "आगं बया" केलं. वॉल्व्ह तापेपर्यंत कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. आत्याबाईंनी तेवढ्यात शेवटचा प्रयत्न करून बघितला. मला म्हणाल्या, "म्हशीनं दावं तोडलंय म्हन."

"मामंजी, म्हशीनं दावं तोडलंय म्हणतात."

"हिंडू दे जरा. तिला कुठं गाण्यातलं कळतंय."

आणि मग घरघर आली. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. पण ती आमच्या जात्याची घरघर होती. तिच्यावर एक आवाज चढला, कोवळा, लांबवरून येणारा.

"ही कोण गं?" आत्याबाईंनी विचारलं. "ग्वाड म्हणतीया."

"तूच की, बाई!" काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं.

आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्याच राहिल्या. भावावरची ओवी झाली. तोंड थोडं उघडं, डोळे त्या पेटीवर. आपण दाराच्या पुढं आलोय हेही त्यांना कळलं नाही. आणि लगेच:

थोरला माझा दीर, सोप्यात त्याची खाट...

आत्याबाईंनी पदर असा ओढला की हनुवटीसुद्धा दिसेना. बायकांनी तोंडात पदराचे बोळे कोंबले. पुढची ओळ आली, खोकला आला, पहाट आली. मामंजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आम्ही सगळ्या त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी सावकाश पटका डोक्यावर ठेवला.

"पोरी," ते मला म्हणाले, "तुझ्या सासूला सांग, ही ओवी चुकलीया."

मी वळले. "आत्याबाई, ओवी चुकलीया म्हणतात."

"काय चुकली म्हणावं?"

"मामंजी, काय चुकली म्हणतात."

"माझ्या खोकल्यानं तिला पहाट कळत न्हाई. तिचं जातं लागलं की मला पहाट कळती. मग मी उठून बसतो, मग तंबाकू मळतो, आनि मग खोकतो. आधी जातं, मागनं खोकला. सांग तिला."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याबाई माझ्या खांद्यावरून थेट पुढं आल्या.

"आवं, काय तरी बोलू नगा! तुमी खोकता तवा मी अंथरुणात असती. तुमचा खोकला आला म्हंजी मी उठती, चूल सारवती, मग दळाय बसती!"

मामंजीही ताडकन उठले. "मग माझ्या कानात घरघर कसली येती? कोंबडा दळतोय व्हय?"

"ती तुमच्याच छातीची असंल!"

हे असं चाललं. मी मधे उभी, दोन्हीकडं मान फिरवायच्या सवयीने फिरवतच होते, पण कुणी मला काही सांगतच नव्हतं. काकूंचा हात तोंडावर गेलेला तसाच. रेडिओवर आत्याबाईंच्या उरलेल्या ओव्या एकामागून एक येत होत्या आणि त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, आत्याबाईंचं तर नव्हतंच नव्हतं. भांडण थांबलं तेव्हा पेटीतून कुणी बाई लोणच्याला तेल किती घालावं ते सांगत होत्या.

तेव्हा कुठं आत्याबाईंच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोललो. गर्रकन वळून त्या आत गेल्या. मामंजी खाटेवर बसून विनाकारण तंबाखू मळायला लागले.

मी आत गेले. म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या एवढ्या ओव्या राहिल्या की ऐकायच्या! वाईट वाटतंय का?"

त्या चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऐकल्या त्या बास झाल्या. बरा हाय की आवाज माझा." मग आवाज खाली करून, "जा, त्यास्नी म्हणावं ताट वाढलंय. आनि हेबी म्हणावं की पहाटं आधी खोकलाच असतोय."

मी बाहेर जाऊन दोन्ही निरोप दिले. मामंजींनी फक्त पहिला घेतला.